आजाने केलेली खूण

“आजी, काचेला हात नको. डाग पडतात.”

सगळ्या पाहुण्यांसमोर बोलली. माझ्या मुलाच्या साहेबाची बायको. मस्कतला त्यांचा बंगला. दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत पांढरा एप्रन, निळ्या काठाचा. तिच्या पणजोबांचा. ते इंग्रजांच्या फौजेत डॉक्टर, आणि फ्रीमेसन. ती गोऱ्यांनी काढलेली गुप्त मंडळी, हा एप्रन त्यांच्या बैठकीत घालायचा. आत घेतलेले सगळे एकमेकांचे भाऊ. एप्रनवर वेगळा दिवा लावलेला. मी जळले. माझ्या आजाचा साधा फोटो नाही.

मग तिने गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धातली, बसऱ्याकडची लढाई. तुर्कांनी पलटण पकडली, उन्हात चालवली. पणजोबांनी मेसनची हाताची खूण केली. तुर्की अंमलदारही मेसन निघाला. “ब्रदर” म्हणाला. पाणी दिलं, बसायला खेचर दिलं.

“आणि गंमत म्हणजे, त्यांच्या नोकरानेही तश्शीच खूण केली! बिचाऱ्याला वाटलं, आपल्यालाही खेचर मिळेल.”

सगळे हसले. माझा मुलगाही.

तो नोकर माझा आजा. तिचं माहेर आमच्याच गावातलं. त्या डॉक्टरचं नाव आजाच्या तोंडी मरेपर्यंत होतं. मंडळीची बैठक चालायची तेव्हा तो दाराबाहेर बसायचा, म्हणून खूण त्याने पाहिलेली. त्याला वाटलं, खूण करील तो भाऊ. तुर्काने पाण्याची बाटली पुढे केलीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, “हा भाऊ नाही. माझा नोकर आहे.” बाटली मागे गेली. शत्रू देत होता. आपल्या माणसाने अडवलं.

“तो माझा आजा,” मी म्हणाले. “पुढचं सांग की बाई. बाटली मागे कुणी घ्यायला लावली?”

तिचं तोंड उतरलं. साहेब उठले. “यल्ला, चला, जेवण गार होतंय.”

मी जेवले नाही. गाडीत मुलगा म्हणाला, “आई, उद्या मला ऑफिसात त्यांच्याच हाताखाली बसायचंय.”

“बस. आणि हसलास कशाला?”

त्याने रेडिओ लावला.

खोटं कशाला बोलू, हेवा गेलेला नाही. नुसता हात हलवला की शत्रूही भाऊ होतो, असं नशीब आमच्यात कुणाला मिळालं नाही. पण आता तो एप्रन नको, ते भाऊपणही नको. गोष्ट पुरी हवी.

शुक्रवारी त्यांच्याकडे पुन्हा पाहुणे आहेत. मला बोलावणं नाही. मुलगा गाडी काढणार नाही म्हणतो. टॅक्सी मिळते. गोष्ट सांगताना ती पाण्यापर्यंत आली की पुढचं मी सांगणार. ते ऐकून ज्याला हसायचं त्याने हसावं, माझ्याकडे बघून.