न तोललेला मासा

मावशींना राग आला की त्यांची मराठी शुद्ध व्हायची. एरवी त्या भंडाऱ्याचं बोलायच्या, त्यात अमेरिकेतल्या इतक्या वर्षांचं इंग्रजी मिसळलेलं. 'काहून', 'अन्', 'पोट्टे' आणि 'डेडलाइन' एकाच वाक्यात सुखाने नांदायचे. पण राग आला की हे सगळं एकदम थांबायचं. ऑफिसातल्या मायक्रोवेव्हमध्ये कुणी तरी आपला डबा ठेवून निघून गेलं होतं, तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या होत्या, "या गृहस्थांना इतरांच्या भुकेची यत्किंचितही जाणीव नसावी, असे दिसते." मी पुण्याची, पण असं मराठी मी शाळा सुटल्यानंतर ऐकलं नव्हतं.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये एका इन्शुरन्स कंपनीत आम्ही दोघी सॉफ्टवेअर टेस्टिंगला होतो. मी नवीन, त्या माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, म्हणून मावशी. माझ्याकडे गाडी नव्हती तेव्हा त्यांनी मला सकाळी घ्यायला सुरुवात केली आणि मी गाडी घेतल्यावरही ती पद्धत मोडली नाही. त्यांच्या व्हॅनमध्ये कायम बडीशेप आणि ओल्या कणकेचा वास असायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, मागे काही खायला ठेवलंय. मागे फिशिंगचे रॉड होते, जाळी होती, आणि एका डब्यात गूळ-बडीशेप घालून मळलेली कणीक होती. "कार्प माशाला बडीशेप आवडते," त्या म्हणाल्या. "आपल्यासारखंच आहे, जेवल्यावर."

मावशी बौद्ध. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या तळघरात वंदना व्हायची आणि पोरंटोरंसुद्धा पंचशील म्हणायची. तिथे एकदा कुणी तरी त्यांना हसत हसत विचारलं की प्राण्यांची हिंसा करणार नाही म्हणता आणि गळ टाकता, हे कसं? मावशींनी आधीच विचार करून ठेवला असावा, कारण उत्तर लगेच आलं. "मी पकडते अन् सोडते. माझ्या गळाला उलटा काटा नसतो, मी घासून काढते. त्याला दुखत नाही असं मी म्हणत नाही. पण तुम्ही आता जी सुरमई खाताय ना, तिला कोणी सोडलं होतं का?" त्या स्वतः मासे खायच्या, पण दुकानातले. "ओळख झालेला मासा मी खात नाही," असं त्या म्हणायच्या.

गळ टाकायला त्यांना वडिलांनी शिकवलं. वडील कारखान्यात कामाला होते आणि रविवारी मुलीला घेऊन गावाबाहेरच्या तलावावर जायचे. तलाव ठेक्याने दिलेला असायचा. ठेकेदाराचा माणूस काठी आपटत यायचा आणि ही वस्तीतली माणसं म्हणून त्यांना जास्तच जोरात हाकलायचा. बापलेक उठायचे, दुसऱ्या काठाला जाऊन बसायचे, तो तिकडेही यायचा. "माझ्या बापाने आयुष्यात एकदाही पूर्ण दुपार एका जागी बसून मासे पकडले नाहीत," मावशी हे गाडी चालवता चालवता, सिग्नलकडे बघत सांगायच्या.

म्हणूनच बहुधा त्यांना स्पर्धेचं वेड होतं. तिथल्या एका छोट्या फिशिंग क्लबच्या स्पर्धा व्हायच्या. बहुतेक सभासद निवृत्त झालेले गोरे म्हातारे. स्पर्धेच्या सकाळी चिठ्ठ्या काढायच्या, चिठ्ठीवर काठावरच्या जागेचा नंबर. मग शेवटची शिट्टी होईपर्यंत ती जागा तुमची. पकडलेले मासे पाण्यातच लांब जाळीत जिवंत ठेवायचे, शेवटी रॉन नावाचा क्लबचा प्रमुख वजनकाटा घेऊन प्रत्येकाकडे यायचा, वजन करायचा, फळ्यावर लिहायचा, आणि मासे परत पाण्यात. मावशींना त्यात सगळ्यात आवडायची ती चिठ्ठी. "नंबर माझा. आता कोणी उठवून दाखवा," असं म्हणून त्या खुर्ची उघडायच्या.

मात्र जिंकल्या कधीच नव्हत्या. दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या, हिवाळ्यात दोघादोघांच्या जोडीने व्हायच्या त्या स्पर्धेत तर बहुतेकदा रिकाम्याच परत आल्या. प्रत्येक वेळी सोमवारी सकाळी गाडीत त्या स्पर्धेचं पोस्टमॉर्टेम व्हायचं. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

त्या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. शुगर लँडला असलेल्या त्यांच्या मुलीला जुळी होणार असं कळलं आणि मावशी-काकांनी घर विकून टेक्सासला जायचं ठरवलं. आणि त्यांचा स्पर्धेतला जोडीदार, वॉल्ट नावाचा निवृत्त पोस्टमन, त्याचं खुब्याचं ऑपरेशन निघालं.

"तू चल," मावशी मला म्हणाल्या.

"मावशी, मला गळ कसा धरतात तेही माहीत नाही."

"धरायचं मी सांगते. जोडीला दोन माणसं लागतात, एवढाच रूल आहे. काका यायला तयार नाहीत. माझी शेवटची मॅच आहे ही."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम हळू आवाजात टाकलं. मी हो म्हटलं आणि पुढचा आठवडाभर स्वतःवर चिडले.

स्पर्धेच्या दिवशी पहाटेपासून बर्फाचा चुरा पडत होता, पाऊसही नाही आणि बर्फही नाही असा. काका गाडी चालवत होते. त्यांचं म्हणणं एकच होतं: "आज मासासुद्धा घराबाहेर पडणार नाही." चिठ्ठीत आम्हाला जी जागा आली तिथे वारा थेट तोंडावर येत होता. मावशींनी चिठ्ठी बघितली आणि म्हणाल्या, "आमचे दैव नेहमीप्रमाणेच आमच्यावर प्रसन्न आहे." त्यावरून मला दिवसाचा अंदाज आला.

काठाला बर्फाचा पातळ थर होता. तो बादलीने फोडायचा, गळ टाकायचा, थोड्या वेळाने परत फोडायचा. रॉडच्या कड्यांमध्ये तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा, गोठून अडकायचा. मावशी हातमोजे काढून, ती कडी तोंडाजवळ धरून श्वासाने वितळवायच्या. कणकेच्या गोळ्या दगड झाल्या होत्या. माझ्या पायांचं काय झालंय ते मला कळत नव्हतं, कारण ते जाणवतच नव्हते. थर्मासमधला चहा पहिल्या तासातच संपला. वर काका हीटर लावून गाडीत क्रिकेट ऐकत होते. मधून मधून काच खाली करून ते विचारायचे, "लागलं का काही?" आणि मावशी मान न वळवता म्हणायच्या, "कृपया खिडकी बंद ठेवावी."

पलीकडच्या जोडीला बोटाएवढे दोन-तीन मासे मिळाले. त्यांच्या पलीकडचे दोघे कंटाळून निघून गेले. दुपारी मीही म्हटलं, "मावशी, पुरे ना आता."

"तू जाऊन बस गाडीत," त्या म्हणाल्या. "पण नाव दोघींचं आहे, तू गेलीस की मी पण बाद." मग मी कुठे जाणार?

त्यानंतर बऱ्याच वेळाने त्यांच्या रॉडचं टोक हललं. वाऱ्याने हलल्यासारखंच, पण मावशी उभ्या राहिल्या. रॉड वाकला तो वाकलेलाच राहिला. थंडीतला मासा सुस्त असतो, तो पळत नाही, नुसता जड होऊन खाली बसतो. मावशी त्याला हळूहळू आणत होत्या, बर्फाच्या कडेला तंगूस घासू नये म्हणून हात उंच करून. मी जाळं धरलं होतं. मासा वर आला तेव्हा मला वाटलं, एवढं मोठं काही आपल्या जाळ्यात मावणारच नाही. पण मावलं. सोनेरी, जाड, लहान मुलाएवढा कार्प. शेजारच्या जोडीतले दोघे येऊन बघून गेले आणि त्यातला एक म्हणाला, "संपली मॅच. तुम्ही जिंकलात."

मावशी हसल्या नाहीत. "शिट्टी होऊ दे," एवढंच म्हणाल्या, आणि मासा लांब जाळीत सोडून परत खुर्चीवर बसल्या.

शिट्टी व्हायला तासभर उरला असताना पार्कची गाडी आली. त्यातून एक तरुण ऑफिसर उतरली. बर्फाचं वादळ अपेक्षेपेक्षा लवकर येतंय, रस्ता बंद करताहेत, सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता निघायचं. तिच्या मागोमाग रॉन आला. त्याचा चेहरा पडलेला होता. पूर्ण वेळ झाल्याशिवाय निकाल लागत नाही, हा क्लबचा नियम. स्पर्धा रद्द. कुणाचंच वजन होणार नाही.

"वजन करायला किती वेळ लागतो?" मावशींनी इंग्रजीत विचारलं.

"काटा माझ्या ट्रकमध्ये आहे, ट्रक पलीकडच्या काठाला," रॉन म्हणाला. "आणि केलं तरी ते धरता येणार नाही. आय अॅम सॉरी. मी पाहिलाय तुमचा मासा."

मावशी माझ्याकडे वळल्या. "त्यांना सांग, माझ्या जागेचा क्रमांक माझ्याकडे आहे आणि शिट्टी झाल्याखेरीज मी येथून उठणार नाही."

मी ते इंग्रजीत सांगितलं. ऑफिसर गुडघ्यांवर बसली, मावशींच्या खुर्चीच्या उंचीला आली. तिच्या टोपीवर बर्फ साचला होता, ओठ निळे पडले होते. ती म्हणाली, "मॅम, मला तुम्हाला उठवायचं नाहीये. पण तुम्ही इथे राहिलात तर मलाही राहावं लागेल."

मावशी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. जाळीजवळ जाऊन, हातमोजे काढून त्यांनी मासा दोन्ही हातांनी पाण्यात सरळ धरला. थंड पडलेला मासा लगेच सोडला तर कुशीवर होतो, म्हणून तो स्वतःहून शेपूट हलवेपर्यंत धरायचा असतो. काकांनी हॉर्न वाजवला. ऑफिसर हात कोटात घालून थांबली. मावशींनी घाई केली नाही. शेवटी माशाने अंग झटकलं आणि तो गेला. मावशींचे हात लाल झाले होते. मी ते माझ्या स्कार्फमध्ये गुंडाळले आणि त्यांनी गुंडाळू दिले.

परतीच्या रस्त्यावर गाडी मुंगीसारखी चालली होती. मावशी अचानक बोलल्या, आणि त्यांचं मराठी परत भंडाऱ्याचं झालं होतं.

"ठेकेदाराचा माणूस वाईट होता ना, म्हणून घरी येऊन बाबा त्याला शिव्या द्यायचे. मन मोकळं व्हायचं. ही पोट्टी चांगली आहे. तो रॉन पण चांगला आहे. आता मी काहून अन् कोणाला शिव्या देऊ, सांग?"

मी त्यांच्या हातांभोवतीचा स्कार्फ आणखी घट्ट केला.

स्पर्धा पुन्हा घेतली ती मावशी टेक्सासला गेल्यानंतर. वॉल्टचा खुबा तोवर बरा झाला नव्हता. मी गेले नाही. कुणी तरी एका मध्यम माशावर जिंकलं. रॉनने मावशींना फोन करून सांगितलं की तुमचा तो मासा आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, आमच्या दृष्टीने तुम्हीच जिंकलात. मावशींनी त्याचे आभार मानले आणि मग मला फोन केला. "पाहिलं म्हणजे तोललं नाही," त्या म्हणाल्या. शुगर लँडमध्ये घाम येतो, डास चावतात, आणि जुळी एका वेळी झोपत नाहीत, हेही सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात मी वॉल्टबरोबर नाव दिलं. का दिलं, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या दिवशीही वारा होता, काठाला बर्फ होता, आणि सकाळपासून माझ्या रॉडचं टोक एकदाही हललं नाही. दुपारी मी मावशींना व्हिडिओ कॉल केला. मागे बाळं रडत होती.

"उठू का, मावशी? बोटं गेली माझी."

"शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही."

मी बसले. वॉल्ट बसला. शिट्टी झाली. रॉन काटा घेऊन आला, आमची रिकामी जाळी त्याने उचलून बघितली आणि पुढे गेला. संध्याकाळी मी परत फोन लावला.

"किती?" मावशींनी विचारलं.

"शून्य."

"फळ्यावर लिहिलं त्यांनी?"

"हो. आमच्या नावापुढे."

एका बाळाला थोपटत असाव्यात, तसा आवाज येत होता.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता घरी जा अन् गरम पाण्यात पाय घाल."