आम्ही रूथअक्काला स्क्रीनवरून हात हलवला

परवा रविवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीने एका मेलेल्या बाईला हात हलवून हॅलो केलं.

त्यात मीही होते.

ती बाई म्हणजे आमची रूथअक्का. साक्रीकडची, लग्न होऊन जळगावला आलेली, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली. माझी तीस वर्षांची मैत्रीण.

अक्काचा एक नेम होता. शनिवारी दिवेलागणीला मोबाइल स्विच ऑफ करायचा, फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात ठेवायचा. सोमवार उजाडेपर्यंत डब्याला हात नाही.

पुण्याचा मुलगा चिडायचा. "मम्मी, काही झालं तर?"

"शेजारी शेतस ना," ती म्हणायची. शेजारी आहेत ना!

मी हसायचे तिला. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, सिस्टरांच्या शिस्तीत वाढलेली. आणि चर्चमध्ये पाळकांचा संदेश चालू असताना पर्सच्या आडून व्हॉट्सअ‍ॅप बघणारी.

एकदा म्हणाली, "तू प्रार्थनाले बसस, आनि मधमा नणंदना मेसेज येस. देवनी कितला येळ थांबानं?"

झोंबलं. मग मीही रविवारी मोबाइल कपाटात टाकायला लागले. पहिल्या रविवारी एक स्तोत्र वाचताना चार वेळा उठले. पाचव्या रविवारी दुपारी अशी झोपले, जशी लहानपणी झोपायचे. देवाशी बोलायला मला वेळ नव्हता असं नाही. मला गप्प बसताच येत नव्हतं.

हे मला अक्कानं शिकवलं. पाळकांनी नाही, कमिटीनं तर नाहीच.

उन्हाळ्यात ती बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला. तेव्हापासून पलंगावरच.

आमच्याकडे पूर्वीपासून रीत होती. उपासना सुटली की पाळक आणि दोघं-तिघं जण आजाऱ्यांच्या घरी जायचे. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायचे, दोन गीतं म्हणायचे, काळा चहा प्यायचे. कोरोनात दारं बंद झाली म्हणून ऑनलाइन उपासनेची लिंक आली. तेव्हा ते बरोबरच होतं.

कोरोना गेला. लिंक राहिली. भेटी गेल्या.

अक्का अंथरुणाला खिळली तेव्हा चर्च कमिटीचे सेक्रेटरीभाऊ मोबाइलचा स्टँड घेऊन आले. ज्वारीच्या डब्यातला मोबाइल काढून पलंगाजवळ बसवला. मी तिथेच होते.

"अक्का, आता तुम्ही घरबसल्या उपासनेत!"

"आनि तुम्ही?"

"आम्ही चर्चमध्ये. पण दिसू ना स्क्रीनवर."



"भाऊ, देव दिखस नही, पन येस. तुम्ही दिखतस, पन येतस नही."

भाऊ खळखळून हसले. तिच्याबरोबर सेल्फी काढला. संध्याकाळी तो ग्रुपवर आला. त्याला बेचाळीस अंगठे.

त्यातला एक माझा.

गेल्या महिन्यात तिनं माझा हात धरला. "रविवारले येशी का? मोबाइल घर ठेव, आनि ये. काही बोलू नको. नुसती बस."

मी हो म्हटलं. एक रविवार पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी ऊन. तिसऱ्या रविवारी कारणच नव्हतं. मी तिला हात जोडलेलं चित्र पाठवलं.

आणि मग परवा.

तिच्याकडे कामाला येणारी कमल नऊ वाजता लिंक लावून दुसऱ्या घरी गेली. चर्चच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर अक्का दिसत होती. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं.

भाऊ माइकवर म्हणाले, "बघा, आपल्या अक्का कशा ध्यानात आहेत! सगळ्यांनी हात हलवा बरं."

आम्ही हलवला. मुलं ओरडली, "हॅलो आजी!"

डॉक्टर नंतर म्हणाले, साडेनऊच्या सुमारास गेल्या असाव्यात.

कमल बाराला परत आली. तिनं सांगितलं, तेव्हा मोबाइलवर आमचं चहापान चालू होतं. कुणीतरी बिस्किटं मागत होतं.

उपासनेच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी अक्का हजर आहे. ऑनलाइन, पण हजर.

मी रात्री ग्रुपवर विचारलं, हे असंच चालणार का? भाऊंचं उत्तर आलं: "मावशी, भावना समजू शकतो. पण सुविधा सर्वांच्या सोयीची आहे, चालूच राहील."

सर्वांच्या म्हणजे कोणाच्या, भाऊ?

काल अक्काला माती दिली आणि मी घरी न जाता यावल रोडच्या नानांकडे गेले. नाना नव्वदीला आलेले, डोळ्यांनी जवळजवळ अंध. त्यांच्याही उशाशी लिंक लावलेला टॅब.

"कोण?"

"मी."

"स्क्रीनवर का दारात?"

"दारात, नाना."

"मग आत ये की, पोरी." मी अडुसष्ट वर्षांची पोरगी.

तासभर बसले. बोलले नाही. दोनदा हात पर्सकडे गेला, तो मीच मागे घेतला. नाना माझा अंगठा धरून झोपले. सून म्हणाली, "दुपारचे कधी झोपत नाहीत हो ते."

अशी चार घरं आहेत आपल्या मंडळीत. चौघांनाही लिंक आहे. चौघांकडेही माणूस जात नाही.

अक्का, तू बोलावलंस आणि मी आले नाही. याची क्षमा मी तुझ्याकडे मागत नाही, वरच्याकडे मागते आहे. तू आता नीज. शांत नीज.

आणि कमिटी, हे मी फेसबुकवर लिहिते आहे, कारण तुम्ही दुसरं काही वाचत नाही. येत्या रविवारी या चार घरी कोण जाणार, किती वाजता जाणार, आणि जाताना मोबाइल कुठे ठेवणार, हे मला नावांसकट लेखी हवं आहे. कागदावर. पाळकांच्या आणि सेक्रेटरींच्या सहीनिशी. शनिवारी दुपारी बाराच्या आत.

ग्रुपवर टाकू नका. माझ्या दारापर्यंत चालत या, आणि हातात द्या.