गळपट्टीची कांजी

खाडीतून परतणाऱ्या बोटींना आमचं शहर दिसायच्या आधी टेकडीवरच्या लुथरन चर्चचे दोन मनोरे दिसतात. चर्चच्या आत मात्र आधी दिसते ती गळपट्टी: पाद्रीच्या काळ्या झग्यावरची, पांढरीशुभ्र, चुण्याचुण्यांची, ताटाएवढी. तिच्यावर पाद्रीचं डोकं म्हणजे सणाला वाढून ठेवल्यासारखं.

ही गळपट्टी एकेचाळीस वर्षं स्टेनवोर धुते. बटाट्याची कांजी लावते, एकेक चुणी तापल्या लोखंडी कांडीवर वळवते. अख्ख्या आइसलँडात हे दुसऱ्या कुणाला येत नाही, असं ती सांगते. खोटं असेल, पण तिच्या तोंडावर म्हणून पाहा.

प्रवचन तिनं कधी ऐकलं नाही. गळपट्टी परत न्यायला ती मागच्या खोलीत बसते आणि घड्याळ बघते, कारण घरी ओव्हनमध्ये कोकराची तंगडी असते. रविवारी सगळ्या शहराच्याच ओव्हनमध्ये असते.

नव्या पाद्रीबाई राग्नफ्रिदुर चाळीस-चाळीस मिनिटं बोलू लागल्या. तीन रविवार तंगड्या करपल्या. चौथ्याला स्टेनवोरनं कांजी दुप्पट केली. गळपट्टीचा पत्रा झाला. विसाव्या मिनिटाला पाद्रीबाईंनी मान खाजवली, पंचविसाव्याला आमेन. शहर वेळेवर जेवलं.

सोमवारी पाद्रीबाई शंभर पायऱ्या उतरून स्टेनवोरच्या स्वयंपाकघरात आल्या. मानेवर लाल वळ.

"पुरे झालं, स्टेनवोर. पुढच्या रविवारपासून गळपट्टी बंद. मी साधी पट्टी लावीन."

गप्प राहावं तर हातचं काम जाणार, बोलावं तर अब्रू. स्टेनवोरनं आधी कॉफी ओतली.

"गळपट्टीला बोल लावू नकोस, बाई. कांजी मीच दुप्पट घातली."

"मुद्दाम?"

"मग काय, हात घसरून? तुझ्या त्या प्रलयातल्या नोहाची नाव किनाऱ्याला लागेपर्यंत आमच्या तंगडीचा कोळसा होतो."

"नोहाबद्दल मी बोललेच नाही!"

"मग कशाबद्दल बोलत होतीस?"

"म्हणजे तू ऐकतच नाहीस?"

"दार जाड आहे."

पाद्रीबाईंनी साखरेचा खडा दातात धरून कॉफी संपवली. "गळपट्टी राहील. कांजी पूर्वीइतकीच. आणि दर रविवारी तू पहिल्या बाकावर बसायचंस."

"देवाच्या घरी एवढी कडक शिक्षा?"

"नाहीतर साधी पट्टी."

रविवारी स्टेनवोर पहिल्या बाकावर बसली. आठव्या मिनिटाला तिची मान छातीवर पडली आणि ती घोरू लागली. पाद्रीबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आवाज चढवला आणि पुरी पन्नास मिनिटं बोलल्या. एवढ्या मऊ गळपट्टीत त्यांना अडवणार कोण?