मी नसते तेव्हा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रत्येकाला काही ना काही नेमून दिलेलं आहे. कुणी ढोलकी वाजवतं, कुणी सतरंज्या अंथरतं, एक काकू उपासनेनंतरचा चहा करतात आणि साखर टाकायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. माझ्याकडे साक्ष होती. साक्ष म्हणजे सगळ्यांपुढे उभं राहून प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. सांगणारे पुष्कळ असतात, पण कुणाची हरवलेली म्हैस सापडलेली असते, कुणाचा पोरगा दहावी सुटलेला असतो. माझी साक्ष मोठी होती. मला फिट यायची आणि ती थांबली होती. पुण्याहून पाहुणे आले की पाळकसाहेब मला पुढे करून म्हणायचे, "ह्या आमच्या साक्षीच्या ताई." माझं नाव कुणी विचारत नसे आणि मलाही त्याचं काही वाटत नसे.

फिट म्हणजे मिरगी. ती मला लग्नाआधीपासून. सासरी महाळुंगे पडवळला ती कळली तेव्हा नवऱ्याने मला आधी देवऋष्याकडे नेलं आणि मग माहेरी आणून सोडलं. पिंपरी पेंढारला भावाच्या घरी मी काही दिवस काढले. भावजय वाईट नव्हती, पण मी गॅसजवळ गेले की पातेलं हातातून काढून घ्यायची. "तुमी बसा, आमी करतो." बसून बसून माणूस किती बसणार? शेवटी पिंपळवंडीत एक खोली भाड्याने घेतली, मशीन मांडलं आणि ब्लाउज शिवायला, पिको-फॉल करायला लागले.

या आजाराची एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. फिट येते तेव्हा मी तिथे नसते. कुणी म्हणतं हातपाय झाडत होतीस, कुणी म्हणतं डोळे पांढरे केलेस, आणि मी ते परक्या बाईबद्दल ऐकावं तसं ऐकते. मला आठवतं ते आधीचं आणि नंतरचं. आधी हातातलं कापड, नंतर नाकाशी धरलेला कांदा, नाहीतर कुणाची तरी चप्पल. आमच्याकडे फिट आलेल्या माणसाला हे हुंगवतात, आणि कांद्याला जुन्नर तालुक्यात तोटा नाही. माझ्या बाबतीतली सगळ्यात मोठी गोष्ट मी स्वतः कधी पाहिलेली नाही, आणि साक्ष द्यायला मात्र मीच.

चहावाल्या काकू माझ्या गिऱ्हाईक. ब्लाउज न्यायला आल्या असताना त्यांच्यासमोर मला फिट आली. दुसरी कुणी असती तर कापड उचलून गेली असती. काकू मला मंडळीत घेऊन गेल्या आणि त्याच आठवड्यात नारायणगावला डॉक्टरकडेही घेऊन गेल्या. पहिल्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. फिटवालीला लोक सहसा हात लावत नाहीत. मी त्या दिवशी खूप रडले, ते प्रार्थनेमुळे नाही, त्या हातामुळे. पुढे कुकडी नदीच्या पाण्यात माझा बाप्तिस्मा झाला आणि फिट यायची थांबली.

सुरुवातीला माझ्या साक्षीत डॉक्टर होता, गोळ्याही होत्या. दर खेपेला तो डॉक्टर थोडा थोडा मागे सरकत गेला आणि एक दिवस दिसेनासा झाला. खोटं बोल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण डॉक्टरच्या वाक्याला लोक गप्प बसायचे आणि प्रभूच्या वाक्याला हालेलुया म्हणायचे. शिवणाऱ्या बाईला माप सांगावं लागत नाही. पुढे पुढे माझी साक्ष मलाच इतकी पटली की मी गोळ्या बंद केल्या. गरज सरो, वैद्य मरो.

त्या वर्षांत मी एकटी नव्हते, हे मात्र सांगितलं पाहिजे. कुणाच्या घरी बाळाचा वाढदिवस असला की मला बोलावणं, कुणाच्या घरी आजारी माणूस असलं की मला बोलावणं. पण आतून माझी दमछाक व्हायची. देव बदलला होता, धाक तोच होता. आधी मंगळवार धरायचे, आता शुक्रवार. आधी नवस राहिला म्हणून फिट आली असं वाटायचं, आता पहाटेची प्रार्थना झोपेत बुडाली की आज येणार असं. पांढरी साडी, डोक्यावर पदर, टीव्ही नाही, वरच्या पट्टीत बोलणं नाही. मी मुळात भांडकुदळ बाई. तरी गिऱ्हाईकाने स्वतः जाड होऊन मापावरून वाद घातला तरी मी गोड हसायचे आणि नंतर एकटीच दातओठ खात बसायचे. बरी झालेली बाई चिडलेली कशी चालेल?

मग एका दुपारी मी कटोरी ब्लाउज जोडत होते. पुढचं आठवतं ते फरशीवरून दिसणारे मशीनचे पाय. मुठीत दोऱ्याचा गुंता, जीभ चावलेली, परकर ओला. खोलीत कुणी नव्हतं, दार आतून लावलेलं. किती वेळ तशी पडले होते कोण जाणे. इतकं एकटं मला सासर सुटलं तेव्हाही वाटलं नव्हतं. आणि पहिला विचार मनात आला तो हा, की आता रविवारी काय सांगू.

मी लपवलं. जीभ दुखायची तेव्हा तोंड आलंय म्हणून सांगितलं. कोपरावरचे काळेनिळे डाग दिसू नयेत म्हणून स्वतःसाठी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवले, तर काकूंना वाटलं, ताई आणखी पवित्र झाल्या. नारायणगावात सगळे ओळखीचे, म्हणून एसटीने मंचरला गेले. तिथल्या डॉक्टरने मला चांगलंच झाडलं. "गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?" मी म्हणाले, कुणी नाही. गोळ्या परत सुरू झाल्या, पण लागू पडायला वेळ लागेल म्हणाला. तेवढा वेळ मला मिळाला नाही.

त्याच महिन्यात भर उपासनेत फिट आली. आमची उपासना एका कांदाचाळीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते, त्यामुळे कांदा शोधावा लागला नसणार. शुद्धीवर आले तेव्हा तो नाकाशी होता. भोवती माणसं उभी होती आणि मोठमोठ्याने प्रार्थना चालली होती. "निघून जा," असं ती सगळी ओरडत होती. ते माझ्यात शिरलेल्या सैतानाला होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी वाटलं, मलाच म्हणताहेत. मी चप्पल शोधायला लागले.

दोन दिवसांनी काकू आल्या. दारातच बसल्या.

"ताई, मनात काय राहिलंय का? राहिलं आसंल तर कबूल करून टाका. उगंच न्हाई असं व्हत."

मी मनापासून शोधलं. सासूला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या सापडल्या, एका बाईचं उरलेलं कापड ठेवून घेतलेलं सापडलं. फिट यावी असं काही सापडेना. काकूंना तसं सांगितलं तर त्या पदर सावरून उठल्या.

त्यांच्यामागोमाग पाळकसाहेब आले. माणूस चांगला, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. पण घाबरलेला दिसत होता. आळेफाट्याजवळच्या मंगल कार्यालयात वर्षाची मोठी सभा होणार होती आणि पत्रिकेवर माझी साक्ष छापून झाली होती.

"ताई, आपण असं म्हणू. परीक्षा आली व्हती, पर प्रभूनी विजय दिला."

"आणि गोळ्या?"

"त्याचं तिथं काय काम हाये?"

"पाळकसाहेब, परत आली तर?"

ते माझ्या मशीनकडे बघत म्हणाले, "न्हाई येनार. इस्वास ठेवा."

नाही म्हटलं तर काय होईल हे मला चांगलं ठाऊक होतं. मला नवरा नव्हता, मूल नव्हतं, भाऊ दिवाळीला बोलावतो तेवढाच. ही सतरंजीवरची माणसं गेली तर मला हाक मारायला गिऱ्हाईकं तेवढी उरणार होती, आणि ती हाक ब्लाउज झाला का एवढीच. हो म्हटलं तर माणसं राहणार होती. फक्त मला जन्मभर फिट लपवावी लागणार होती, आणि ती येईल या धाकाने जन्मभर पांढऱ्या साडीत हसावं लागणार होतं.

सभेच्या आधीच्या दिवसांत मंडळीतून कुणाचा फोन आला नाही. मी अस्तर कापत बसायचे आणि विचार करायचे. कृपा हा शब्द मी दर रविवारी ऐकत होते. काही न करता मिळते ती कृपा, असं पाळकसाहेब नेहमी सांगतात. पण मी शिलाईवाली, फुकट शिवून मागणाऱ्यांचा मला राग. फुकट हा शब्द मला शिवीसारखाच लागतो. म्हणून मी कृपा घेतली आणि तिची शिलाई भरत बसले, उपासाने, पदराने, साक्षीने. एका दुपारी कात्री हातातच राहिली आणि एक साधा प्रश्न पडला. फिट येते तेव्हा मी कोण असते? तेव्हा मला प्रार्थना येत नाही. विश्वासही ठेवता येत नाही, कारण ठेवणारीच जागेवर नसते. मग तेवढा वेळ प्रभू मला सोडून देतो का? पुन्हा शुद्धीवर आले की परत हाती धरतो का? तसं असेल तर तो माझ्या नवऱ्यापेक्षा काही वेगळा नाही. आणि तसं नसेल, मी नसतानाही मी त्याची असेन, तर मग मी असताना हा सगळा खटाटोप कुणासाठी चाललाय?

मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच खूप भीतीही वाटली, कारण हे सांगायला माझ्याजवळ कुणी नव्हतं.

सभेत माझी पाळी आली. इतकी वर्षं मी साक्ष पुस्तकी भाषेत द्यायचे. त्या दिवशी माइक हातात घेतला आणि तोंडातून घरचीच भाषा आली.

"मला फिट येती. मधी थांबली व्हती, आता परत येती. गोळ्या चालू हायेत. मी बरी झालेली न्हाई. फिट आल्यावर मला प्रार्थना येत न्हाई, काहीच येत न्हाई. तवाबी त्यो मला सोडत न्हाई. मला एवढंच सांगायचंय."

कुणी हालेलुया म्हणालं नाही. मग पाळकसाहेब माइक घेत म्हणाले, "चला, एक गाणं घेऊ." जेवताना काकू दुसऱ्या रांगेत बसल्या. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. वाढणाऱ्यांचं बरं होतं, त्यांना तिथून भराभर पुढे जाता येत होतं. मला मात्र कडकडून भूक लागली होती. मी हाक मारून भात मागून घेतला.

याला आता बराच काळ झाला. साक्ष द्यायला मला पुन्हा कुणी सांगितलं नाही. वाढदिवसाची बोलावणी थांबली. काकू समोर आल्या की जय ख्रिस्त म्हणतात आणि पुढे होतात. त्यांचे ब्लाउज दुसरीकडे शिवून येतात. बाही कशी बसते त्यावरून मला कळतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. संध्याकाळी बिबट्याच्या भीतीने सगळे लवकर दारं लावून घेतात, मग माझ्या खोलीत माझा मलाच आवाज. शुक्रवार सुटला. पहाटे जाग आली तर प्रार्थना करते, नाही आली तर झोपते. गिऱ्हाईकांशी मात्र मनसोक्त भांडते, त्यात दोन गिऱ्हाईकं गेली आणि एक मैत्रीण होता होता राहिली. रविवारी मंडळीत जाते आणि मागे बसते. काही जण विचारतात, आता कशाला येते ही? माझी माणसं तीच आहेत, त्यांना मी त्यांची वाटो न वाटो. दुसरीकडे कुठे जाणार?

गोळ्यांनी फिट कमी झाली, गेली नाही. मागच्या एका रविवारी पुन्हा उपासनेत आली. शुद्धीवर आले तेव्हा शेडच्या कडेला सतरंजीवर होते आणि डोक्याखाली घडी केलेली शाल होती. कुणाची ते मला माहीत नाही, कुणी ठेवली तेही माहीत नाही. भोवती कुणी नव्हतं. सगळे पुढे तोंड करून गात होते, त्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. फिटीनंतर अंगाचा चोळामोळा होतो आणि डोळ्यांवर मणभर झोप येते. पूर्वी मी ती झोप मागे लोटून उठायचे, पदर सावरायचे, सगळ्यांना दिसेल असं हसायचे. त्या दिवशी जीभ दुखत होती, परकर ओला होता आणि देवाच्या घरात मी आडवी पडले होते. उठावंसं वाटलं नाही. गाणं चालूच होतं. मी कुशीवर वळले आणि झोपले.