लक्ष्मीवहिनींना बोलू दिलं नाही

मला लिहिण्याची सवय नाही. पण लक्ष्मीवहिनींबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि त्यांना गप्प बसवणारा मीच होतो.

आम्ही देवगाव रंगारीचे. वहिनींचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ कारभारी, चाळिशीत बांधावर कोसळून गेला. मुलगा सर्जेराव पस्तिशीत झोपेतच गेला. दोन्ही वेळा आम्ही ‘अटॅक’ म्हणालो आणि कामाला लागलो. तीन वर्षांपूर्वी नातू गोकुळ पोलीस भरतीसाठी पळताना पडला, तो उठलाच नाही. शवविच्छेदनानंतर संभाजीनगरच्या डॉक्टरांनी वहिनींना समोर बसवून सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा हा आजार घराण्यातून येतो. माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांची इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. वेळीच कळलं तर उपाय आहेत.

वहिनींना अक्षर वाचता येत नाही. त्यांनी हे शब्दन्‌शब्द पाठ केलं.

गोकुळच्या दशक्रियेला सगळी भावकी जमणार, म्हणून त्यांनी तोच दिवस धरला. श्रद्धांजलीची भाषणं चालू होती, माईक माझ्याकडे होता.

“भावजी, मला दोन मिनिटं द्या. इकोचं सांगते.”

तेवढ्यात चुलतभाऊ तात्यासाहेब माझ्या कानाशी लागला. “येडा झाला का? राजनंदिनीचे सासरकडचे पुढंच बसलेत. खानदानात रोग हाय म्हणून माईकवर सांगतो व्हय?”

राजनंदिनी माझी नात. तिची सोयरीक नुकतीच ठरली होती. मी माईक महाराजांकडे दिला. प्रवचन सुरू झालं. वहिनी बराच वेळ उभ्याच होत्या.

मग त्या दारोदार फिरल्या. “आली इकोबाई,” म्हणत लोक दार लोटायचे. माझ्या घरी आल्या तेव्हा मी म्हणालो, “लग्न होऊ द्या, मग बघू.”

“लग्नानं काळीज पातळ होतं व्हय, भावजी?”

लग्न झालं. बघितलं कुणीच नाही. वर्षभरात राजनंदिनी संभाजीनगरला औरंगपुऱ्यात सासरच्या जिन्यावर बेशुद्ध पडली. इकोत तेच निघालं. गोळ्या चालू झाल्या, ती वाचली. पण “फसवलं” म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं.

तिला तपासणीला वहिनीच नेतात. गेल्या खेपेला मीही गेलो होतो. रांगेत बसल्या बसल्या तिनं विचारलं, “आजोबा, तुम्हाला ठाऊक होतं ना?”

मी वहिनींकडं पाहिलं. वाटलं, त्या सांभाळून घेतील.

“व्हय गं,” वहिनी म्हणाल्या. “समद्यांना ठाऊक होतं.”

तात्यासाहेबाच्या घरी अजून कुणाचाही इको झालेला नाही. त्याच्या नातवासाठी मुली बघणं चालू आहे.