मोगऱ्याच्या डब्यात आलेला वेल

घोडेगावात आम्ही एका कापडवाल्या शेठजींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. मी पोस्टात होते आणि आमचे हे शिनोलीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जिन्याच्या तोंडाशी, तेलाच्या रिकाम्या डब्यात मी मोगरा लावला. माती ह्यांनी मोपेडवरून आणली, कुठल्याशा बांधावरची. मोगरा उन्हाळ्यातच वाळला. पावसाला सुरुवात झाली तसा त्याच मातीतून भलताच एक कोंब वर आला आणि बघता बघता कठड्याला विळखे घालत निघाला. पानं तळहाताएवढी, देठाशी खाच असलेली.

"गुळवेल आहे," हे म्हणाले. पुस्तक काढून चित्रही दाखवलं. चित्र इतकं पुसट होतं की त्यात कुठलाही वेल बसला असता. मला तेव्हा सर्दी झाली होती. ह्यांनी स्वतः पानांचा काढा करून मला पाजला. सर्दी खरं तर आदल्या दिवशीच उतरणीला लागली होती, पण श्रेय वेलाला मिळालं.

शेठजींच्या बायकोला सगळी आळी भाभी म्हणायची, तशी मीही. कधीकाळी राजस्थानातून आलेलं घर, पण भाभींचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. त्या वर आल्या, पान हातात घेऊन म्हणाल्या, "गुळवेल कुठला? ही नागवेल. विड्याचं पान दारात आलंय तुमच्या."

त्यांनी ते पान खाली नेऊन, चुना-कात लावून शेठजींना दिलं. शेठजी शांत स्वभावाचे. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "पान कोवळं आहे अजून. चव यायचीय."

तेव्हापासून भाभींनी वेल दत्तकच घेतला. डाळ धुतलेलं पाणी त्यालाच मिळायचं. गच्चीपर्यंत सुतळी त्यांनीच ताणून दिली. मीही बोलून गेले, "भाभी, याला जे काय लागेल त्यातलं अर्धं तुमचं."

दिवाळीच्या आधी पारगावहून सासूबाई आल्या. जन्म उसात गेलेला. त्यांनी वेलाला एक फेरी मारली. "दोडका न्हाई, घोसाळं न्हाई, भोपळा तर न्हाईच. आमच्याकडं असलं काय येत न्हाई. लई माजलाय, उपटून टाक." एवढं सांगून त्या चहाला बसल्या.

उपटायला मी गेलेही असते, पण पानांच्या बेचक्यात काहीतरी लागलेलं दिसलं. करड्या रंगाचं, ओबडधोबड, लहान बटाट्याएवढं. हळूहळू वेलभर तसले गोळे लटकले. ह्यांनी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं.

उलगडा आठवडे बाजारात झाला. डिंभ्याकडून आलेल्या एका बाईपुढे तस्से गोळे ढिगानं पडले होते. मी विचारलं, तर ती म्हणाली, "करांदं हायेत. उकडून खायाचं."

मी भाभींना सांगायला खाली धावले, मागोमाग हेही आले. भाभींचं घर जैन, त्यामुळे कंदमूळ येत नसे. बटाटा नाही, कांदा नाही, रताळंसुद्धा नाही. त्यांनी पहिला प्रश्न तोच केला. "जमिनीखाली येतं का?"

"नाही भाभी, वेलीला लटकतं. तुम्ही पाहिलंय."

"मग फळच झालं."

इथे ह्यांनी तोंड उघडायला नको होतं. पण विज्ञानाचा मास्तर. "शास्त्राप्रमाणे तो कंदच," ते म्हणाले. "फक्त हवेत लागतो."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. "फळ असेल तर आत बी असेल," असं म्हणून सुरी मागवली आणि एक करांदा मधोमध कापला. आत पिवळट गर. बी कुठेच नाही. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"बी नाही," त्या म्हणाल्या.

"केळ्यातही बी नसतं," शेठजी म्हणाले.

भाभींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दुकानात निघून गेले. भाभींचा वाटा आमच्याकडेच राहिला. इतके महिने पाणी घालून हाती काही नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

सासूबाईंनी करांदे मीठ घालून उकडले, सोलले आणि आम्ही तिघं ताटं घेऊन बसलो. पहिला घास घेतला. कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड झालं. सासूबाई उठल्या आणि मोरीत जाऊन चूळ भरून आल्या. हे मात्र खात राहिले. "पौष्टिक असतात," ते म्हणाले.

तेवढ्यात भाभी दारात. "कसे झालेत?"

"कडू आहेत हो," मी म्हणाले. "अगदी कडू."

भाभींचा चेहरा एकदम मोकळा झाला. मनातल्या मनात त्या दिवसभर त्या करांद्यांशी भांडत असणार. "अरेरे," त्या म्हणाल्या आणि हसू आवरायला पदर तोंडाला लावला.

पुढे थंडीत वेल वाळला. वसंतात माझी जुन्नरला बदली झाली आणि डबा तिथेच राहिला. पुढच्या श्रावणात भेटायला गेले तेव्हा जिन्यावर त्याच डब्यातून पुन्हा फुटलेल्या वेलाची गर्द हिरवी सावली होती. भाभी पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. "राहू दे म्हटलं," त्या म्हणाल्या. "दुपारचं ऊन छान अडतं." आणि सरकून त्यांनी मला बसायला जागा केली.