चित्र झाकायचं राहिलं

ह्यांना झटका आला तेव्हा उजवा हात गेला, बोलणं गेलं आणि वाचणं गेलं. हात आणि बोलणं सगळ्यांना दिसत होतं. वाचणं गेलंय हे फक्त मला कळलं. पेपर हातात दिला तर हे पान उलटायचेच नाहीत. अर्धा अर्धा तास एकाच पानाकडे बघत राहायचे आणि डोळे जागचे हलायचे नाहीत.

ह्यांचा जन्म अक्षरांत गेला. गिरगावातल्या एका छापखान्यात हे कंपोझिटर होते. डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, म्हणजे स्टिक, धरायची, उजव्या हाताने अक्षरांचे शिशाचे खिळे उचलायचे आणि शब्द जुळवायचे, तेही उलटे. कॉम्प्युटर आले, छापखाना बंद झाला, मग लालबागला एका दुकानात काम केलं. पण वाचायची सवय सुटली नाही. भजी बांधून आणलेला कागदसुद्धा वाचून मगच टाकायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन घोडपदेवला आले तेव्हा हे मला मोठ्याने वाचायला सांगायचे आणि मी तोंडाला पदर लावून गप्प बसायचे. ह्यांच्यासमोर चुकायची लाज वाटायची.

ह्यांचं वाचणं गेलंय हे मी हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी एक पिशवी दिली. आत पुठ्ठ्याची कोडी होती. वर चित्र, खाली रिकामे चौकोन आणि अक्षरांचे सुटे तुकडे. चित्र बघून अक्षरं चौकोनात लावायची. त्या म्हणाल्या, लहान मुलं अशीच शिकतात, चित्राने शब्द आठवतो आणि शब्दामागून अक्षरं येतात. मग त्यांनी मला दोनदा बजावलं की थोडं जमायला लागलं की चित्र झाकायचं. नुसता शब्द दाखवायचा आणि तो कशाचा आहे ते ह्यांनी खुणेने सांगायचं. चित्र ही कुबडी आहे, ती काढली नाही तर वाचता येणार नाही. तीन महिन्यांनी तपासणी होती. फरक दिसला तर व्यायाम चालू राहणार, नाहीतर ह्यांची वेळ दुसऱ्या पेशंटला.

आम्ही गॅलरीत दुपारचं ऊन सरलं की बसायचो. पलीकडच्या खोलीतली बाई येता-जाता म्हणायची, "काय काका, बालवाडीत नाव घातलं काय? उद्यापासून डबा घेऊन जावा." हे अर्ध्या तोंडाने हसायचे. ह्यांना ऐकलेलं सगळं समजत होतं.

पिशवीतले हत्ती, विमान ह्यांना आवडेनात, म्हणून मी घरातल्या वस्तूंची कोडी केली. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, भाताची खळ, आणि माझ्या हाताने काढलेली पापलेट, कढई, छत्री. माझं पापलेट बघून हे मान हलवायचे, पण शब्द लावायचे. डाव्या हाताची बोटं सुरुवातीला अडखळायची, नंतर तुकडा उचलताना त्यांच्यातही उजव्या हाताची जुनी चपळाई दिसायला लागली.

एक दिवस मी छत्रीच्या चित्रावर हात ठेवला आणि खालचा शब्द दाखवला. हे बघत राहिले. कपाळाची शीर फुगली. मग त्यांनी सगळे तुकडे हाताने उडवले आणि रडले. छापखाना बंद झाला त्या दिवशीसुद्धा हे रडले नव्हते. मी तुकडे गोळा केले आणि त्यानंतर चित्र कधी झाकलं नाही. उलट हवं ते अक्षर ह्यांच्या हाताजवळ सरकवून ठेवायला लागले. माझ्यासमोर ह्यांनी चुकावं हे मला बघवत नव्हतं. मुलगी सासरहून आली तेव्हा ह्यांनी एकामागून एक सहा शब्द लावून दाखवले. तिने मोबाईलवर व्हिडिओ काढला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

तपासणीच्या दिवशी मॅडमनी पहिल्याच पुठ्ठ्याच्या चित्रावर तळवा ठेवला. खाली शब्द होता चहा. ह्यांनी शब्दाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. दुसरा शब्द, तिसरा शब्द, दरवेळी माझ्याकडेच. खोलीत दोन शिकाऊ मुली वह्या घेऊन उभ्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, "आजी, घरी चित्र झाकून घेत होता ना? रोज?"

मी म्हटलं, "हो."

"मग तुमच्याकडून काही कमी पडलेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. एवढं करूनही फरक नाही म्हणजे वाचणं आता परत येईल असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी फाईलमध्ये लिहिलं आणि एक शिकाऊ मुलगी पुढच्या पेशंटला बोलवायला गेली. तेवढा वेळ माझ्याकडे होता. एक वाक्य बोलायचं होतं; मी वाकून ह्यांच्या पायात चप्पल सरकवली. हे माझ्याकडेच बघत होते. मी खोटं बोलले हे त्या खोलीत फक्त ह्यांना माहीत होतं, आणि ह्यांना बोलता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याच वाराला मी एकटी गेले, खरं सांगायचं ठरवून. दाराच्या काचेतून आत बघितलं तर ह्यांच्या खुर्चीवर एक तरुण माणूस बसला होता आणि त्याची बायको पुठ्ठ्यावर हात ठेवत होती. मी बाकावर थोडा वेळ बसले आणि घरी आले.

आता मी घरी चित्र झाकते. ह्यांनी दोन-तीन दिवस बघितल्यासारखं केलं, मग पायाने पिशवी कॉटखाली सरकवली. चिडून नाही. सावकाश सरकवली. मी बाहेर काढली की परत सरकवतात.

हे सगळं मी वहीत लिहिते आहे ते ह्यांच्या शेजारी बसून. ह्यांना वाचता आलं असतं तर मला एक ओळ लिहिता आली नसती. मधेच हे मान वळवतात, वहीकडे बघतात, डोळे एका जागी थांबतात. मी लिहीत राहते.